उतारवय आणि गुडघेदुखी

(आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)

साठीकडे झुकलेल्या माणसाने गुडघे दुखत असल्याची तक्रार केली म्हणजे घरची मंडळी, शेजारीपाजारी आणि पुष्कळदा तपासणारे डॉक्टरही एकच उत्तर देतात : ‘वय झाले, आता हे चालायचेच.’ उत्तर देणाऱ्याचा हेतू दिलासा देण्याचा असतो. परंतु ते ऐकणारी वृद्धा प्रथम देवळाची वाट सोडते, मग आठवड्याच्या बाजाराची, मग शेजारच्या घराची. आणि दोनतीन वर्षांत तिचे सारे जग उंबरठ्याच्या आत येऊन थांबते. ज्या दुखण्याने मनुष्य मरत नाही ते दुखणे फारसे गंभीर नव्हे, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. गुडघेदुखीने कोणी मरत नाही हे खरे. पण ती माणसाला परावलंबी करते, आणि चालणे सुटले की मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार बळावतात, हेही तितकेच खरे.

वय आणि गुडघेदुखी यांचा संबंध आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. प्रश्न आहे तो हा संबंध कोणत्या प्रकारचा आहे याचा. केस पिकतात त्याप्रमाणे गुडघेही वयोमानाने अपरिहार्यपणे बिघडतात, की वाढत्या वयाबरोबर काही निराळ्या गोष्टी साचत जातात आणि गुडघ्याला त्यांचा भार सोसेनासा होतो? पहिले उत्तर खरे असते तर करण्यासारखे फारसे काही उरले नसते. गेल्या काही दशकांतील संशोधनाचा कौल मात्र दुसऱ्या उत्तराकडे आहे. म्हणूनच हा विषय केवळ दवाखान्याचा राहत नाही. तो शाळेचा, ग्रामपंचायतीचा आणि सरकारी कचेरीचाही होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना अस्थिसंधिशोथ, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात तो विकार होता. त्यांपैकी सुमारे ३६ कोटी ५० लाख लोकांच्या बाबतीत तो गुडघ्यात होता. या विकाराच्या रुग्णांत शेकडा ७३ जण ५५ वर्षांवरील असून शेकडा ६० स्त्रिया आहेत. हे सुखवस्तू, बैठ्या लोकांचे दुखणे आहे, कष्टकऱ्यांना ते होत नाही, असे काहींना वाटते. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. ४,००० हून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांची विचारपूस झाली, तेव्हा शेकडा सुमारे १८ जणांना सांध्यांची वा स्नायूंची दुखणी असल्याचे आढळून आले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, आणि दुखऱ्या जागांमध्ये गुडघ्याचा क्रम अगदी वरचा होता. ही माणसे शेतात राबणारी होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाच्या व्याप्तीची कल्पना येते.

हा विकार नवा नाही. चरकसंहितेत संधिगत वाताचे वर्णन आहे. हात लावला असता वारा भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागणारी सूज, आणि सांधा पसरताना व आखडताना होणारी वेदना ही त्याची लक्षणे तेथे सांगितली आहेत. सुजलेल्या गुडघ्याला हात लावून पाहणाऱ्या कोणाही डॉक्टरला ती आजही ओळखीची वाटतील.

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे ढालीसारखी वाटी अशी त्याची रचना आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, पांढरा, काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. दोन हाडांमध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण असून त्याच्या आतील अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत संधिद्रव पाझरतो. बळकट अस्थिबंध हाडांना जागच्या जागी धरून ठेवतात. परंतु खुब्याचा सांधा जसा खोल खोबणीत बसलेला असतो तशी खोबण गुडघ्याला नाही. एका सपाटीवर दोन गोल टोके टेकावीत तसा हा प्रकार आहे. त्यामुळे त्याची स्थिरता पुष्कळशी भोवतालच्या स्नायूंवर, विशेषतः मांडीच्या पुढील बाजूच्या भक्कम स्नायूवर अवलंबून असते. ही गोष्ट पुढील विवेचनात वारंवार येणार आहे.

कूर्चा हा एक विलक्षण पदार्थ आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. मग तिचे पोषण कसे होते? पाऊल टेकले की भाराने ती स्पंजासारखी दाबली जाते व तिच्यातील द्रव बाहेर येतो. पाऊल उचलले की ती संधिद्रव पुन्हा शोषून घेते आणि त्याबरोबर अन्नद्रव्येही आत येतात. म्हणजे चालणे हेच कूर्चेचे जेवण होय. दुखतो म्हणून गुडघा महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवणे हे तिला उपाशी ठेवण्यासारखे आहे. विश्रांती हा या दुखण्यावरचा रामबाण उपाय मानला जातो, तो किती चुकीचा आहे हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

रक्तपुरवठा नसल्याचा दुसरा परिणाम असा, की कूर्चेला इजा झाली तर ती त्वचेसारखी भरून येत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच सांगितले होते, आणि त्याचे म्हणणे अद्याप खोटे ठरलेले नाही. याचा एक आधुनिक पुरावा फार मनोवेधक आहे. १९५० नंतरच्या दहाबारा वर्षांत बड्या राष्ट्रांनी खुल्या वातावरणात अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाले व पुढे हळूहळू उतरत गेले. हा कार्बन झाडांत, झाडांतून अन्नात आणि अन्नातून माणसांच्या शरीरात गेला. शरीराचा एखादा भाग कोणत्या साली घडला हे त्यातील या कार्बनच्या प्रमाणावरून सांगता येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी गुडघ्यातील कूर्चेची या रीतीने परीक्षा करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कूर्चेला बळकटी देणारे कोलॅजेन नावाचे तंतू वाढीच्या वयात तयार होतात आणि त्यानंतर बहुतांशी बदललेच जात नाहीत, असे त्यांना आढळले. रोग जडलेल्या कूर्चेतही नव्या तंतूंची भर पडलेली दिसली नाही. ऐंशी वर्षांचा वृद्ध ज्या तंतूंवर आज चालतो ते त्याच्या शाळकरी वयात विणलेले असतात!

इतकी वर्षे एकच वस्त्र वापरल्यावर त्याचा पोत बदलणारच. रक्तातील साखर या तंतूंना हळूहळू चिकटत जाते, त्यांच्यामध्ये नको असलेले टाके पडतात, कूर्चेचा रंग पिवळसर होतो आणि तिची लवचिकता कमी होते. तिच्यातील पेशी मुळातच थोड्या. त्याही वयोमानाने मंदावतात. वयाचा म्हणून जो खरा, टाळता न येण्यासारखा वाटा आहे तो हा. पण तेवढ्याने गुडघा दुखतोच असे नाही.

आपल्याकडे ‘गुडघे झिजले’, ‘वंगण संपले’, ‘गॅप कमी झाली’ असे शब्दप्रयोग सर्रास केले जातात. बैलगाडीचा आस झिजावा तसा गुडघा झिजतो, असे चित्र त्यातून उभे राहते. ते चित्र खरे असते तर जो जास्त चालला त्याचे गुडघे आधी जावयास हवे होते. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ५० वर्षांवरील वयात मरण पावलेल्या २,५०० हून अधिक माणसांच्या सांगाड्यांचे गुडघे तपासून २०१७ साली निष्कर्ष मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी होऊन गेलेल्यांत हा विकार शेकडा ६ जणांत होता, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर वारलेल्यांत तो शेकडा १६ जणांत आढळला. वय आणि वजन यांतील फरक हिशेबात घेऊनही हे प्रमाण दुपटीहून थोडे अधिकच राहिले. हजारो वर्षांपूर्वीच्या शिकारी व आद्य शेतकरी लोकांतही ते आजच्या मानाने कमी होते. आणि ते लोक आजच्या माणसापेक्षा खचितच अधिक चालत असतील. तेव्हा केवळ वय आणि केवळ वापर यांनी या दुखण्याचा उलगडा होत नाही. ‘झीज’ हा शब्द म्हणूनच नुसता अपुरा नव्हे, तर अपायकारक आहे. तो ऐकला की उरलासुरला गुडघा जपून ठेवण्यासाठी मनुष्य बसून राहतो.

शिवाय कूर्चेत मज्जातंतूच नाहीत. मग वेदना येते कोठून? ती येते कूर्चेखालील हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून, ताणलेल्या आवरणातून, थकलेल्या स्नायूंतून. केलग्रेन व लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ साली क्ष-किरण चित्रावरून गुडघ्याच्या बिघाडाची प्रतवारी ठरविण्याची पद्धत घालून दिली. ती अजून वापरात आहे. पण फोटोतील प्रत आणि रुग्णाची वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. फोटोत हाड वाढलेले, जागा अरुंद झालेली, आणि माणूस मात्र आनंदाने शेतावर जात आहे, असे अनेकदा दिसते. उलटही घडते. गॅप गेल्याचे ऐकून घाबरलेल्या रुग्णाला एवढी माहिती कोणी दिली तरी त्याचे निम्मे भय ओसरेल.

वयाबरोबर साचत जाणाऱ्या गोष्टींत पहिली, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे स्नायूंचा ऱ्हास. पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी शेकडा एकदोन या गतीने घटते आणि ताकद त्याहूनही वेगाने. कृत्रिम गुडघ्यात मापनयंत्र बसवून केलेल्या प्रयोगांत असे दिसले आहे, की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट आणि जिना उतरताना सुमारे साडेतीनपट भार येतो. हा भार झेलून धक्का शोषून घेण्याचे काम मांडीच्या स्नायूंचे. ते दुबळे झाले की प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्याला बसतो. सांधा नेमका कोणत्या कोनात आहे याची जाणीवही वयोमानाने बोथट होते आणि पाऊल वेडेवाकडे पडू लागते. त्यातून दुखते, दुखते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू आणखी वाळतात. या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला सगळा दोष वयाचा आहे असे वाटले तर नवल नाही.

हा ऱ्हास भरून काढता येतो काय? अमेरिकेतील बॉस्टन शहरी वृद्धांच्या एका निवासात नव्वदीच्या आसपासच्या १० दुबळ्या वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम ८ आठवडे देण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, व्यायाम पुरा करणाऱ्या ९ जणांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरीने शेकडा १७४ वाढली. नव्वदाव्या वर्षी जे घडते ते साठाव्या वर्षी घडू नये असे कोणतेही कारण नाही.

दुसरी गोष्ट वजन. चाळिशीनंतर वजन वर्षाला थोडे थोडे चढते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे २००५ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. दिवसाकाठी हजारो पावले पडतात, यावरून हिशेब करावा. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी अनेक दशके चाललेल्या पाहणीत, ज्या स्त्रियांचे वजन १० वर्षांत ५ किलोंच्या आसपास घटले त्यांना गुडघ्याचे दुखणे जडण्याचा संभव निम्म्याहून कमी झाल्याचे १९९२ साली नमूद करण्यात आले. आदर्श वजन गाठण्याची गरज नाही. पाच किलो पुरतात. चरबी केवळ ओझे म्हणून घातक नाही. तिच्यातून दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात मिसळतात. ज्या बोटांवर शरीराचा काहीही भार पडत नाही तेथील सांधेही स्थूल व्यक्तींत अधिक बिघडतात, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट कामाची. इंग्लंडच्या कोळसा खाणींत गुडघ्यांवर टेकून काम करणाऱ्या मजुरांचे गुडघे इतर कामगारांच्या मानाने अधिक बिघडलेले आढळतात, हे वर उल्लेखिलेल्या केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५२ मध्येच दाखविले होते. आपल्या दृष्टीने याहून उद्बोधक पाहणी बीजिंग शहरातील वृद्धांची आहे. चिनी स्त्रिया अमेरिकन स्त्रियांपेक्षा सडपातळ, तरीही त्यांच्यात गुडघ्याचा विकार अधिक निघाला. तरुणपणी त्या दिवसाचा किती वेळ उकिडव्या बसत होत्या याची चौकशी करण्यात आली. अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या तुलनेत तीन तासांहून अधिक बसणाऱ्यांना हा विकार होण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढलेला दिसला. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील खेड्यात स्त्रीचा दिवस कसा जातो ते येथे वेगळे सांगावयास नको. चुलीपुढे उकिडवे बसून भाकऱ्या, दगडावर धुणे, जमिनीवर भांडी, दिवसभर खुरपणी वा भांगलण. कोकणात चिखलात वाकून भातलावणी. ऊसतोडीच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. उकिडवे बसणे किंवा मांडी घालून बसणे वाईट नाही. जेवणापुरते, पूजेपुरते, सांधा मोकळा राहावा म्हणून ते चांगलेच आहे. घात होतो तो तासन्‌तास, वर्षानुवर्षे, विश्रांतीवाचून बसण्याने व त्या अवस्थेतून ओझ्यासह उठण्याने. स्त्रियांना हे दुखणे पन्नाशीनंतर एकदम का गाठते, याचे कारण पाळी बंद झाल्यानंतर शरीरातील संप्रेरकांत होणाऱ्या बदलाकडे पुष्कळ जण बोट दाखवितात. त्याबाबत शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. पण त्या वयापर्यंत तिच्या गुडघ्यांनी तीसपस्तीस वर्षांची उकिडवी बैठक सोसलेली असते, ही गोष्ट संप्रेरकांच्या चर्चेत विसरली जाऊ नये.

चौथी गोष्ट शिक्षकांनी लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. तरुण वयात गुडघ्यातील अस्थिबंध तुटला किंवा गादी फाटली, तर पुढील १० ते २० वर्षांत अशा व्यक्तींपैकी सरासरीने निम्म्या जणांत अस्थिसंधिशोथ दिसू लागतो. म्हणजे सतराव्या वर्षी कबड्डीच्या मैदानात गुडघा पिरगळलेल्या मुलाला पस्तिशीतच ‘म्हाताऱ्याचे दुखणे’ गाठू शकते. कबड्डी आणि खो-खो हे महाराष्ट्राच्या मातीतील खेळ आहेत. ते बंद करावेत असे कोणीही सुचविणार नाही. परंतु खेळापूर्वी पंधरावीस मिनिटे उड्या, एका पायावर तोल, दिशा बदलून धावणे व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम असा नियमित सराव करून घेतला तर अशा दुखापती निश्चितपणे कमी होतात. मैदानातील खडे वेचून घेणे हेही त्यातच आले. आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन तो लगेच सुजला, तर मालीश करून मुलाला पुन्हा खेळविण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी. त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

प्रत्येक गुडघेदुखी या एकाच जातीची नसते, याचीही जाण असावी. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणारा ताठरपणा बहुधा अस्थिसंधिशोथाचा असतो. तो तासन्‌तास टिकत असेल आणि हातांचे सांधेही सुजत असतील तर आमवाताची शंका घ्यावी. चिकुनगुन्याच्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली या तापाची साथ आली होती, आणि २००५-०६ मध्ये तो राज्याच्या अनेक जिल्ह्यांत फैलावला. एकच गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला व ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावयास हवे. सांध्यात पू झालेला असू शकतो.

उपचारांत अग्रस्थान व्यायामाचे आहे, औषधांचे नव्हे. पन्नासाहून अधिक चाचण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा जमिनीवर केलेल्या साध्या व्यायामाने वेदना कमी होते व हालचाल सुधारते असे निष्पन्न झाले. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. ओट्यावर किंवा खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाचदहा आकडे म्हणेपर्यंत तसाच धरावा, सावकाश खाली आणावा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व बसणे हा दुसरा व्यायाम. रोज थोडे चालावे. व्यायाम करताना किंचित दुखले म्हणजे गुडघा बिघडला असे नव्हे. दुसऱ्या दिवशी वेदना व सूज वाढलेली नसली म्हणजे झाले. काठी घ्यावयाची तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असता काठीही उजव्याच हातात धरणारे अनेक जण दिसतात. त्याने गुडघ्यावरचा भार म्हणावा तसा हलका होत नाही.

वेदनाशामक गोळ्यांविषयी थोडी कठोर भाषा वापरणे भाग आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किराणा दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्या जातात. त्यांनी जठरात व्रण होतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हेच औषध टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन देशातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या प्रमाणात नष्ट झाली, आणि जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ साली बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाचे नव्हे, पण वृद्धाचे मूत्रपिंडही फार सोशिक नसते. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेताने, गरजेपुरतीच घ्यावीत. त्यांचे वर लावावयाचे मलम गुडघ्यासाठी त्या मानाने पुष्कळच निर्धोक असते. बाजारात बिननावाच्या ज्या ‘जादूच्या’ पुड्या मिळतात त्यांत कित्येकदा स्टिरॉईड मिसळलेले असते. चार दिवसांत आराम पडतो आणि चार महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशा पुड्यांची विक्री गावच्या आठवडे बाजारात होत असल्यास ती उघड्या डोळ्यांनी चालू देणे पंचायतीला शोभत नाही.

गुडघ्यात दुर्बीण घालून तो ‘साफ’ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार लोकप्रिय होती. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला. काहींवर खरी शस्त्रक्रिया करण्यात आली, तर काहींच्या त्वचेला नुसत्या चिरा देण्यात आल्या. २००२ साली निकाल जाहीर झाला तो असा, की दोहोंत फरक नाही. सांधा पुरता निकामी होऊन रात्रीची झोपही उडाली असेल तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया खरोखर वरदान ठरते. तीही वेळेपूर्वी, केवळ फोटोवर विसंबून करू नये. या शस्त्रक्रियेतील कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. रुग्णालयाच्या बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखविली आहे किंवा नाही, हे नातेवाइकांनी अवश्य पाहावे. शासनाचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला असून जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी स्वतंत्र सेवा व भौतिकोपचार उपलब्ध करून देणे हे त्याच्या उद्दिष्टांत आहे. आपल्या जिल्ह्यात ही सेवा कोणत्या वारी मिळते याची विचारणा सरपंचांनी करावी आणि ते गावाला कळवावे.

ग्रामपंचायतीच्या हाती याहून साधी कामे आहेत. २०१४ नंतर स्वच्छतेच्या मोहिमेत घरोघर शौचालये झाली, ही मोठीच गोष्ट घडली. पण त्यांतील बहुतेक उकिडवे बसावयाची आहेत. गुडघा वाकत नाही म्हणून म्हातारी माणसे तेथे जाणे टाळतात, पाणी कमी पितात, अन्न कमी खातात. आणि लाजेपोटी हे कोणाला सांगत नाहीत. भिंतीत हाताच्या उंचीवर एक लोखंडी दांडा बसविला किंवा बैठकीवर ठेवण्याची भोक असलेली खुर्ची आणली तरी हा प्रश्न बहुतांशी सुटतो. गावातील कोणत्या घरांना याची निकड आहे ते आशा कार्यकर्तीला ठाऊक असते. शाळेत व अंगणवाडीत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांसाठी उभ्याने काम करण्याजोगा ओटा असावा. सार्वजनिक धुण्याच्या जागेचा कट्टा कमरेइतका उंच असावा. एसटीच्या थांब्यावर आणि देवळाच्या चढावर मध्ये टेकावयास बाक असावेत; वृद्धाला शंभर पावलांवर बसावयास जागा मिळणार असेल तर तो घराबाहेर पडण्याचे धैर्य करतो.

आणि कचेऱ्यांविषयी एक सूचना. श्रावणबाळ योजनेचे वा निवृत्तिवेतनाचे काम घेऊन येणारा मनुष्य बहुधा साठी ओलांडलेला असतो. असे असता पुष्कळ ठिकाणी हे टेबल दुसऱ्या मजल्यावर, कठडा तुटलेल्या जिन्याच्या टोकाशी असते. ते तळमजल्यावर आणण्यासाठी स्वतंत्र तरतूद लागत नाही. कार्यालयप्रमुखाचा एक आदेश व एका शिपायाचा अर्धा दिवस एवढेच लागते. हयातीचे दाखले देण्याचा नोव्हेंबर महिना येण्यापूर्वी हा बदल करून घेता येईल.